दोन्ही हात मोकळे

योगिनीचं लग्न होऊन ती नागपूरला गेली, त्या वर्षी रविवारचा व्हिडिओ कॉल पाऊण तास चालायचा. चंद्रभागा कॉलच्या आधी भात चढवायची आणि तो उतरवायला तिला मधेच उठावं लागायचं. दुसऱ्या वर्षी भात आणि बोलणं बरोबरीने संपायला लागलं. यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी कॉल सहा मिनिटांत आटोपला आणि चंद्रभागा न शिजलेल्या भाताशेजारी नुसती उभी राहिली.

लेकीशी बोलणं आटत चाललं होतं आणि का आटतंय ते तिला कळत नव्हतं. योगिनीचं तिकडे बरं चाललं होतं. जावई अमित शांत स्वभावाचा, तिथल्या मूकबधिर शाळेत शिक्षक. योगिनीसारखंच त्यालाही ऐकू येत नाही. योगिनी बँकेत नोकरीला. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. आठवडाभर ‘जेवले’, ‘बरी आहे’, ‘आज गर्दी’ असे मेसेज येत. चंद्रभागा वणीजवळच्या खेड्यातली, सातवीपर्यंत शिकलेली. ती एकेक अक्षर लावून ते वाचायची आणि वाचून झालं की फोन पालथा ठेवायची. हे तिच्या लेकीचं बोलणं नव्हतं. तिची लेक बडबडी होती.

योगिनीला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेत ती लिहा-वाचायला शिकली, थोडंफार ओठ वाचायला शिकली. पण त्याच्या कितीतरी आधी, नाशिक रोडच्या या घराच्या स्वयंपाकघरात मायलेकींची एक बोली तयार झाली होती. नाकावरचा चष्मा बोटाने वर सारला की वडील, म्हणजे रंगनाथराव. भुवईवर आडवं बोट फिरवलं की भाऊ सार्थक, कारण लहानपणी पडून त्याला तिथे टाके पडले होते. खिडकीकडे मान वळवली की शेजारच्या वत्सलाबाई. मागच्या भिंतीकडे बोट केलं की वणीचा मामा. त्या भिंतीवर मामाच्या खताच्या दुकानाचं कॅलेंडर असायचं. कॅलेंडर जाऊन पंधरा वर्षं झाली, मामा मात्र तिथेच राहिला. दोन्ही तळवे भाकरी थापल्यासारखे फिरवले की ‘होईल, धीर धर’. दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की भांडण, आणि त्याच मुठी उघडून बोटं बोटांत अडकवली की ते मिटलं.

सार्थकला ही बोली निम्मी यायची. रंगनाथरावांना दहा-बारा खुणा यायच्या: जेव, झोप, अभ्यास, परीक्षा, शाब्बास, काय, अशा. बाकीचं ते बायकोला विचारत, ‘काय म्हणते गं ती?’ आणि चंद्रभागा दहा मिनिटांच्या बोलण्याचं एका वाक्यात सांगायची.

टॅबलेटचं तिच्या डोक्यात आलं ते वत्सलाबाईंकडे. त्यांची सून मोहिनी घरातूनच गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. चंद्रभागा विरजण मागायला गेली तेव्हा मोहिनीने टॅबलेट डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि तिकडे कुठल्यातरी शाळेच्या खोलीत बसलेल्या मुली, त्यांच्या मागचा फळा, कपाट, सगळं त्यात दिसत होतं. मोहिनी एका हाताने लिहीत होती, दुसऱ्या हाताने दाखवत होती. चंद्रभागा विरजणाची वाटी हातात धरून दारातच थांबली.

जेवताना तिने विषय काढला. रंगनाथरावांनी घास संपवला आणि विचारलं, “घरात फोन आहे. लॅपटॉप आहे. मग हे तिसरं कशाला?”

प्रश्न रागाचा नव्हता. रंगनाथरावांनी एकतीस वर्षं इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये छापून आलेले ताव तपासले होते. एक ताव हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, दोष दिसला तर बाजूला काढायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते कुठलीही गोष्ट आधी उजेडाकडे धरत. फोनमध्ये जे दिसतं तेच टॅबलेटमध्ये दिसणार, जरा मोठं. आणि त्याहून मोठं लॅपटॉपमध्ये दिसतं. मग मधलं काय कामाचं, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, आणि चंद्रभागेला ते सांगता येईना.

सार्थकही बापाच्याच बाजूचा निघाला. तो पुण्याच्या कंपनीचं काम वरच्या खोलीत बसून करतो, घरात यंत्रांबाबत त्याचा शब्द शेवटचा. “आई, टॅबलेट म्हणजे खिशात न मावणारा फोन आणि नीट टाइप न करता येणारा लॅपटॉप,” तो म्हणाला. “लोक हौसेनं घेतात, महिनाभर पिक्चर बघतात, मग ते कपाटात साड्यांखाली जातं.”

वत्सलाबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनीही खिडकीतून विचारून घेतलं, “फोन झाला, लॅपटॉप झाला. आता हे तिसरं पाव्हणं कुठं झोपवायचं ठरवलंय?”

तरी सार्थकने आईसाठी उपाय केले, नाही असं नाही. आधी त्याने फोनसाठी स्टँड आणला. फोन ओट्यावर उभा राहिला, हात मोकळे झाले. पण हात चित्रात यायचे तर चंद्रभागेला दोन पावलं मागे सरावं लागे, आणि मागे सरलं की लेकीची बोटं तिला दिसेनात. डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला होता. पुढे आली की लेकीला तिचं नुसतं तोंड दिसे, मागे गेली की लेक काडीएवढी होई. दोन रविवार ती ओट्यासमोर पुढे-मागे करत राहिली. तिसऱ्या रविवारी तिने स्टँड बाजूला ठेवून फोन पुन्हा हातात घेतला.

मग लॅपटॉप. सार्थकच्या कंपनीच्या लॅपटॉपवरून घरचे कॉल करायला मनाई होती, म्हणून त्याने स्वतःचा कॉलेजातला जुना काढला. त्याची बॅटरी गेलेली. वायर लावल्याशिवाय तो चालत नसे. ओट्याजवळ प्लग एकच, मिक्सरचा. वायर शेगडीवरून आडवी गेली ते बघून रंगनाथरावांनी लॅपटॉप उचलला आणि बाहेरच्या खोलीत टीपॉयवर ठेवला.

तिथे पडदा मोठा होता, हात मोकळे होते, बसायला सोफा होता. चंद्रभागा पाव्हण्यासारखी सोफ्याच्या कडेला बसली. मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, ते तिला सांगायचं होतं. तिने मागच्या भिंतीकडे बोट करायला हात उचलला आणि तो अर्ध्यातच थांबला. मागे शोकेस होतं. मामा शोकेसमध्ये नव्हता. मग तिने वत्सलाबाईंचं काढलं, तर खिडकी भलत्याच बाजूला. तिने उठून आतल्या बाजूला हात केला. योगिनीला पडद्यावर फक्त आईचा पदर दिसला. आठ मिनिटांत दोघी थांबल्या. योगिनीने हात हलवला, पडदा बंद झाला.

“बघ, मोठा पडदा होता ना,” रंगनाथराव म्हणाले.

“मला तिच्याशी बोलायचंय,” चंद्रभागा म्हणाली. “बघायचं नाय नुसतं.”

हे वाक्य रंगनाथरावांना लागलं असावं. पुढच्या रविवारी ते दुपारी बारा वाजता खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, फोनचा पडदा दिसेल असे बसले. मांडीवर वही, हातात पेन्सिल. चंद्रभागेने काय म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की नक्की अडतं कुठे ते बघायचंय.

“मी काय ताव हाये का तपासायला?”

“तू बोल. माझ्याकडे बघू नको.”

तिने फोन हातात धरला, कॉल लावला, आणि नेहमीसारखी बोलली. मधेमधे तिला पेन्सिलीचा आवाज येत होता. योगिनीला वडील दारात बसलेत हे दिसतही नव्हतं. तिला फक्त आईचा चेहरा दिसत होता आणि कधी कधी एक हात. कॉल संपल्यावर रंगनाथराव लगेच उठले नाहीत. वहीत चार उभ्या रेघा आणि एक आडवी, अशा जुड्या होत्या, प्रेसमध्ये करत तशा. त्यांनी चष्मा वर सारला आणि वाचून दाखवलं.

“अकरा मिनिटं. तुझा हात चित्राच्या बाहेर गेला एकेचाळीस वेळा. दोन्ही हात लागले म्हणून फोन खाली ठेवलास नऊ वेळा; तेव्हा तिला छत दिसलं असणार. ती ‘काय’ म्हणाली सतरा वेळा. ते मला कळतं.” त्यांनी पान उलटलं. “आणि तू काहीतरी सांगायला घेतलंस आणि मधेच सोडून दिलंस.”

“किती वेळा?”

“ते मोजायचं मी सोडून दिलं.”

चंद्रभागा भाताकडे वळली. तिला वाटलं होतं, लेक आपल्याला टाळते. सोडून तर ती स्वतःच देत होती, दर रविवारी थोडं जास्त, आणि हे तिला वहीतून कळलं.

रंगनाथरावांनी वही मिटली. मग त्यांनी विचारलं, “हे तळवे फिरवत होतीस, एका हाताने, अर्धवट. ते काय होतं?”

तिने फोन खाली ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी हवेत भाकरी थापली. “होईल. धीर धर.”

“असं का,” ते म्हणाले. त्यांनी वही काखेत धरून आपल्या तळव्यांनी एकदा तसं करून पाहिलं. जमलं नाही फारसं. एकतीस वर्षं पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या पाठीमागे या घरात किती बोलणं झालं असेल, हे त्यांच्या मनात आलं असावं असं चंद्रभागेला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सार्थकला टॅबलेट मागवायला सांगितलं. सार्थकने पुन्हा साड्यांखाली जाण्याचं काढलं तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे वही ठेवली.

टॅबलेट गुरुवारी आला. रंगनाथरावांना तो बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली, कव्हर घालून ठेवायचा होता. सार्थकने तेल, पीठ, वाफ यांची यादी केली. चंद्रभागेने दोघांचं ऐकून घेतलं. मग तिने पिठाच्या डब्याला तो टेकवला, दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली, पुन्हा पुढे येऊन तो बोटभर डावीकडे सरकवला, आणि त्यात आपलं चित्र बघितलं: ती स्वतः, कमरेपासून वर, उजवीकडे खिडकी, मागे भिंत. ती म्हणाली, “हे हितंच राहील.”

रविवारी बाराला कॉल लागला. योगिनी आपल्या स्वयंपाकघरात होती, फोन हातात धरून, नेहमीच्या सहा मिनिटांच्या तयारीने. तिने पडद्याकडे बघितलं आणि ती बोलायचीच थांबली. तिची नजर आईवर नव्हती. ती खिडकीकडे गेली, भिंतीकडे गेली, मिसळणाच्या डब्यावरून फिरून परत आली. तिने एका बोटाने भिंत दाखवली आणि भुवया उंचावल्या. चंद्रभागेने मागे हात केला, मग गुडघ्यावर थाप मारली, मग सुरी चालवल्यासारखी बोटं फिरवली. मामा, गुडघा, ऑपरेशन. योगिनीने तोंडावर हात ठेवला. तिने आपला फोन कशाला तरी टेकवून उभा केला, दोन पावलं मागे गेली, आणि तिचेही दोन्ही हात मोकळे झाले.

त्यानंतर चंद्रभागेला फारसं काही सांगायला मिळालं नाही, कारण योगिनी थांबेचना. शेजारीण, बँकेतल्या मॅडम, अमितला खिचडी सोडून काही येत नाही ते, घरमालकाच्या कुत्र्याने चप्पल नेली ते. चंद्रभागा हसत होती आणि डोळे पुसत होती. रंगनाथराव दारात खुर्ची घेऊन बसले होते. आज वही नव्हती. ते मधेच विचारत, काय म्हणते, आणि चंद्रभागा न वळता म्हणे, थांबा ओ.

भात कधीचा शिजून गार झाला होता तेव्हा तिने विचारलं, की इतके दिवस इतकंसं का बोलायचीस?

तिने नोटा मोजल्यासारखी बोटं चालवली: बँक. तिथली माणसं चांगली आहेत, ती सांगत होती, पण सगळ्यांच्या एका हातात काहीतरी असतं, कागद नाहीतर फोन. दुसऱ्या हाताने विचारतात, बरी? जेवली? आणि जातात. मग तिने एक हात पाठीमागे लपवला आणि दुसऱ्याने तसंच करून दाखवलं, तोंड अगदी आईसारखं करून. बरी? जेवली? तूपण तशीच बोलायला लागलीस. मला वाटलं, तू कंटाळलीस.

चंद्रभागेने मान जोरजोरात हलवली. दोन्ही हात पुढे करून ती नाही, नाही म्हणत राहिली.

“काय झालं?” रंगनाथरावांनी विचारलं.

“तिला वाटलं, मीच कंटाळले,” चंद्रभागा म्हणाली, आणि हे वाक्य तिने कमी करून सांगितलेलं नव्हतं.

मग बोलणं पुन्हा सुरू झालं, पण आता चंद्रभागेला दुसरंही दिसायला लागलं. लेकीचे हात पूर्वीपेक्षा वेगाने चालत होते आणि त्यांत मधेमधे अशा खुणा येत होत्या ज्या या स्वयंपाकघरातल्या नव्हत्या. अमितच्या, त्याच्या शाळेतल्या, सगळ्या देशातले मूकबधिर वापरतात तसल्या. चंद्रभागेने तिला चार वेळा थांबवून अर्थ विचारला. योगिनीने चारही वेळा समजावून सांगितलं. पाचव्या वेळी चंद्रभागेने विचारलं नाही, नुसती मान डोलवली. आणि एकदा चंद्रभागेने कुरडया वाळत घालण्याची खूण केली, सोप्पी, रोजची, तेव्हा योगिनीचा चेहरा एक क्षण कोरा राहिला. क्षणभरच. मग तिला आठवलं. पण तिला ती आठवावी लागली होती.

मोठ्या पडद्यावर हे सगळं स्वच्छ दिसत होतं.

चंद्रभागेला सांगायचं होतं की तुझी आठवण येते. रविवार सोडून सहा दिवस येते. पण त्यांच्या बोलीत याला खूण नव्हती. लेक घरात होती तोवर ती कधी लागलीच नव्हती. हात छातीशी नेऊन ती थोडा वेळ तशीच राहिली आणि मग तिने विचारलं, आज भाजी काय केलीस?

मेथी, योगिनीने सांगितलं, आणि दोन भांडी घासून घेते म्हणून ती सिंककडे वळली. पाठ पडद्याकडे, पाठ शेगडीकडे. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं. चंद्रभागेला ते आधीपासून दिसत होतं. आता त्याच्या काठावर साय फुगायला लागलेली दिसली.

या घरात योगिनीला हाक मारायची एकच रीत होती. स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी गवंड्याने नीट भरली नव्हती, ओट्यापासून दारापर्यंत ती पोकळ वाजायची. त्या फरशीवर टाच आपटली की हादरा जायचा आणि पाठमोरी योगिनी वळून बघायची. चंद्रभागा आपटायची, सार्थक आपटायचा, रंगनाथरावही आपटायचे. ही एक खूण घरात सगळ्यांना पूर्ण येत होती.

दूध वर आलं. चंद्रभागेने टाच आपटली.

ओट्यावरचे डबे थरथरले. टॅबलेट हलला. योगिनी वळली नाही. चंद्रभागेने पुन्हा आपटली, जोरात, आणि तिसऱ्यांदा आपटताना तिला कळलं की आपण काय करतोय. दूध पातेल्याच्या सगळ्या बाजूंनी खाली उतरलं, शेगडी विझली, आणि मग कुठे वास आला म्हणून योगिनी मागे फिरली.

तिने गॅस बंद केला, फडकं टाकलं, आणि हसत पडद्याकडे आली. आईचा चेहरा बघून तिचं हसू कमी झालं. काय?

चंद्रभागेने खाली पायाकडे बोट दाखवलं. मग तळहातावर मूठ तीनदा आपटून दाखवली. तुला हाक मारली.

योगिनी हलली नाही. तिच्या मागे दूध ओट्यावरून थेंब थेंब खाली पडत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मग तिने ओले हात अंगावरच्या कपड्यांनाच पुसले, उजवा तळवा आपल्या ओट्यावर सपाट ठेवला, आणि डाव्या हाताने खूण केली: परत.

चंद्रभागेने टाच आपटली. योगिनी ओट्याकडे बघत होती. तिने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा तीच खूण केली.

मागे खुर्ची सरकली. रंगनाथराव उठून आत आले, बायकोच्या शेजारी उभे राहिले. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढून हातात घेतला, ओट्याच्या कडेला धरून आपला जड पाय उचलला, आणि दोघांनी एकदमच टाच आपटली. खिडकीतून वत्सलाबाईंनी काय पडलं म्हणून विचारलं.

नागपुरात योगिनीने पुन्हा मान हलवली, नाही. पण तिने तळवा ओट्यावरून उचलला नाही.